लोकरीचं वजन

सदरलंडला ऑगस्टात हवा काचेसारखी असते,
नख लागलं तरी तडकेल अशी.
घुमटाची साखळी ओढताना
तिच्यावरचं दंव हातमोज्याला चिकटतं,
आणि पहाटे तीनच्या पुढे, पूर्वेच्या टेकडीवरून
शशकातला तो लाल तारा वर येतो.

विझायला टेकलेल्या लाकडाच्या पोटात
जो रंग रेंगाळतो, तो त्याचा.

चौदा महिन्यांत एकदा फुगतो, एकदा आवळतो,
भात्यासारखा; लोहार मात्र कुठे नाही.
फुगताना अंगावरचा वायू उचलला जातो,
वर जातो, निवतो,
निवता निवता त्याची काजळी धरते.
मग उजेडच त्या काजळीला बाहेर रेटतो,
काजळी वायूला ओढून नेते,
सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर,
ताऱ्यांच्या हिशेबात रमतगमत.
किती जातं?
दर तीनेक वर्षांनी एक अख्खी पृथ्वी.

हे मी बापाला सांगितलं.
फ्लोरिस ओलिफांत. बावन्न वर्षं मेंढ्या कातरल्या,
फ्रेझरबर्गपासून काल्विनियापर्यंत, शेडमागून शेड.
पाठ वाकली ती वाकलीच,
छातीत लोकरीची धूळ. बोलताना आत शिट्टी वाजते.

त्यानं विचारलं, "आणि कातरतं कोण?"
म्हटलं, कुणी नाही. आपल्याच उजेडानं जातं.
तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
"असली मेंढी मालकांना सापडली असती
तर मी उपाशी मेलो असतो, मीकी."

मग बराच वेळ गप्प.
चहात बुडवलेला रस्क हातातच राहिला.

"कातरल्यानंतरची पहिली रात्र वाईट," तो म्हणाला.
"एकदा कातरणी संपली आणि त्याच संध्याकाळी बर्फ.
सकाळी चारशे मेंढ्या कुंपणाला टेकून उभ्या.
उभ्याच. मी एकीच्या पाठीवर हात ठेवला, तर"
वाक्य तिथंच सोडून त्यानं विचारलं,
"तुझ्या ताऱ्याचं मग काय होतं?"

मी पुस्तकातलं सांगितलं.
सगळं उतरल्यावर आत एक गोळा उरतो,
पृथ्वीएवढा, पांढरा, भयंकर तापलेला,
जळण संपलेला. तो निवत राहतो,
इतक्या सावकाश की आजवर असा एकही
पुरता निवलेला नाही.
उतरलेली लोकर त्याच्याभोवती
काही हजार वर्षं उजळून दिसते, मग पांगते.
तुझ्या रस्कची ही करपलेली कड,
हा कोळसासुद्धा असाच कुठल्या ताऱ्याचा.
त्यानं रस्क उलटून पाहिला,
जणू मागे गोदामाचा शिक्का असेल.

"आणि वजन?
शेडमध्ये एक कारकून असायचा,
गासडी काट्यावर चढली की लिहून घ्यायचा.
आमच्या बाजूनं कधीच चुकला नाही,
पण लिहायचा. तिथं कोण लिहितं?"

मी, म्हटलं.

नोंदवहीच्या उजव्या पानावर तारा असतो:
तारीख, वेळ, तेज, आकाश कसं होतं.
डावं पान कोरं ठेवायची इथली रीत.
त्यावर मार्चपासून, कुणाला न सांगता,
मी दवाखान्यातले आकडे उतरवते.
एकसष्ट. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. चौपन्न.
मधला आकडा दुसऱ्यांदा तोच आला, त्या दिवशी
आम्ही अंगणात जाळ करून मटण भाजलं.
त्यानं दोन घास खाल्ले, बाकी कुत्र्याला.

काल रात्री पश्चिमेकडून ढग चढले.
घुमट बंद केला, हीटर पायांशी ओढला,
उजवीकडे लिहिलं: ढग, काही दिसलं नाही.
ढग होते म्हणून वरचं जाणं थांबलं नसणार.
तेवढ्या वेळात किती गेलं
याचं गणित मांडता येतं, दोन ओळींचं.
मांडलं नाही.
डावीकडे पेन्सिलीनं फक्त वार लिहून ठेवला.
नर्स गुरुवारी येते.